एकविसाव्या वहीची तिसरी प्रत आणि व्हिटॅमिनची बाटली

परळला आमचं औषधांचं दुकान आहे. टाटा, वाडिया, केईएम, सगळी हॉस्पिटलं चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे ल्युकोव्होरिन नावाची गोळी आमच्या कपाटात कायमच असते. मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध मोठ्या मात्रेत दिल्यावर चांगल्या पेशींना सावरण्यासाठी ती देतात. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत ऑटिझमच्या संदर्भात या गोळीचं नाव गाजलं आणि ती मागायला वेगळीच माणसं येऊ लागली. त्यातलीच एक ताई. तीन वर्षांची मुलगी कडेवर, मुलीला डाऊन सिंड्रोम. मोबाईलवर कुणीतरी पाठवलेली यादी: ल्युकोव्होरिन, झिंक, सेलेनियम, व्हिटॅमिन ए, सी, ई, बी-६, ग्रीन टीचा अर्क, शिवाय केसांसाठी बायोटिन. "दादा, यातलं काय काय आहे तुमच्याकडे?"

होतं सगळंच. ल्युकोव्होरिनला डॉक्टरची चिठ्ठी लागते, बाकी बरंचसं मी तिथल्या तिथे पिशवीत भरून देऊ शकलो असतो. असल्या बाटल्या विकूनच माझं घर चालतं, तेव्हा पुढचं वाचताना तेवढं ध्यानात असू द्या. संध्याकाळच्या गर्दीत तिला धड काही सांगता आलं नाही. जे सांगायचं राहिलं, ते इथे लिहितो आहे.

मुळात जास्त काय झालंय?

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात. पाककृतींच्या वह्या समजा. एकूण २३ वह्या, प्रत्येकीच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एकेका वहीत शेकडो पाककृती, म्हणजे जनुकं. त्या वाचून पेशी हवी ती प्रथिनं शिजवते. डाऊन सिंड्रोममध्ये २१ नंबरच्या वहीच्या दोनऐवजी तीन प्रती येतात. पॅरिसच्या जेरोम लेजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये हे जगापुढे मांडलं. ही वही सगळ्यांत बारीक, तरीही तिच्यात दोनशेहून जास्त पाककृती आहेत. तीन प्रती असल्यामुळे त्यातले बरेच पदार्थ दीडपट शिजतात. मेंदू, हृदय, थायरॉईड, स्नायूंचा घट्टपणा, सगळीकडे याचा थोडाथोडा परिणाम होतो.

गरोदरपणात आईने काय खाल्लं, काय टाळलं, यामुळे हे होत नाही. सासरच्या मंडळींना हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही.

आता व्हिटॅमिन. व्हिटॅमिन म्हणजे शरीराला अगदी थोडं लागणारं, पण स्वतःला पुरेसं बनवता न येणारं द्रव्य. ते अन्नातून यावं लागतं (फक्त डी उन्हात कातडीत तयार होतं). झिंक, लोह, सेलेनियम ही खनिजं, व्हिटॅमिनांचे भाऊबंद. अन्नाच्या वर गोळी, पावडर किंवा थेंबांतून हे दिलं की त्याला सप्लिमेंट म्हणायचं. म्हणजे डाऊन सिंड्रोममध्ये मुळात काहीतरी जास्त झालेलं आहे, आणि व्हिटॅमिनची बाटली कमी पडलेलं भरून काढण्यासाठी असते. दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात, पण एकीने दुसरी मिटत नाही.

मग व्हिटॅमिनची कल्पना आली कुठून?

कल्पना वेडगळ नव्हती, हे आधी सांगतो. २१ नंबरच्या वहीत एसओडी नावाच्या एन्झाइमची पाककृती आहे. एन्झाइम म्हणजे शरीरातलं एखादं काम झटपट उरकणारं प्रथिन. पेशी ऊर्जा तयार करताना ठिणग्यांसारखे उपद्रवी रेणू उडतात. एसओडी त्यांना पकडून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, आणि पुढे दुसरी एन्झाइमं त्याचं पाणी करतात.

बिल्डिंगमधल्या कचऱ्याचं बघा. घरोघरी फिरून कचरा खाली आणणारी माणसं दीडपट केली, पण महापालिकेची गाडी तेवढीच राहिली, तर गेटजवळ ढीग साचणार. इथे एसओडी दीडपट आणि पुढची एन्झाइमं तेवढीच, म्हणून पेरॉक्साइडचा ढीग साचून पेशींना इजा होते, असा तर्क. या इजेला आवर घालणाऱ्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात: व्हिटॅमिन ए, सी, ई, आणि एका पुढच्या एन्झाइमला लागणारं सेलेनियम. यादीतली अर्धी नावं इथून आली.

फॉलिक अ‍ॅसिडच्या वापराशी जोडलेलं आणखी एक एन्झाइम याच वहीत आहे. म्हणून फॉलिक अ‍ॅसिडचं तयार रूप, फोलिनिक अ‍ॅसिड, द्यावं असं काहींनी सुचवलं. ल्युकोव्होरिन म्हणजेच फोलिनिक अ‍ॅसिड. ताईच्या यादीतलं पहिलं नाव दिसायला नवं असलं तरी डाऊन सिंड्रोमच्या बाबतीत ही जुनीच गोष्ट आहे.

करून पाहिलंय का कुणी?

पाहिलंय, आणि पुन्हा पुन्हा. अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री टर्केल या डॉक्टरांनी १९४० च्या दशकापासून व्हिटॅमिनं, खनिजं आणि हार्मोन्स यांचं मोठं मिश्रण द्यायला सुरुवात केली. तिथल्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली नाही. १९८१ मध्ये रूथ हॅरेल यांनी १६ मंदगती मुलांवरचा प्रयोग छापला. त्यातल्या काहींना डाऊन सिंड्रोम होता. व्हिटॅमिनांच्या मोठ्या मात्रेने बुद्ध्यंक वाढला, असा त्यांचा दावा. केवढी आशा निर्माण झाली असेल! पुढच्या काही वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणच्या गटांनी तोच प्रयोग काटेकोरपणे करून पाहिला. कुणालाच तो फरक सापडला नाही.

सगळ्यांत नेटका प्रयोग इंग्लंडमधला, २००८ साली प्रसिद्ध झालेला. सात महिन्यांच्या आतली डाऊन सिंड्रोमची १५६ बाळं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट पाडले. एकाला अँटिऑक्सिडंट, दुसऱ्याला फोलिनिक अ‍ॅसिड, तिसऱ्याला दोन्ही, आणि चौथ्याला काहीच औषध नसलेली पावडर. कुणाला काय मिळतंय हे ना आईवडिलांना ठाऊक, ना तपासणाऱ्यांना. दीड वर्षाच्या वयात सगळ्यांचा विकास मोजला. बसणं, उभं राहणं, समजणं, बोलणं, कशातच गटागटांत फरक नव्हता. इतक्या कोवळ्या वयात सुरू करूनही!

फोलिनिक अ‍ॅसिडचा पिच्छा फ्रान्सने त्यानंतरही सोडला नाही. लेजून यांच्याच नावाच्या पॅरिसच्या संस्थेने सहा ते अठरा महिन्यांच्या १७५ बाळांना वर्षभर फोलिनिक अ‍ॅसिड आणि थायरॉईडचं औषध देऊन पाहिलं. २०२० मध्ये निकाल आला: उपयोग नाही. ज्या संस्थेला हे यशस्वी व्हावं असं मनापासून वाटत असणार, तिनेच 'नाही' म्हटलं, म्हणून मला हा निकाल जास्त वजनदार वाटतो.

ग्रीन टीच्या अर्काचं थोडं निराळं आहे. स्पेनमध्ये १६ ते ३४ वयाच्या तरुणांना तो बुद्धीला चालना देणाऱ्या सरावासोबत वर्षभर दिला. काही चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली. पण ६ ते १२ वर्षांच्या मुलांवर केलेल्या नंतरच्या प्रयोगात बुद्धीच्या चाचण्यांत ठोस फायदा दिसला नाही. शिवाय हा अर्क म्हणजे कपातला हिरवा चहा नव्हे. मोठ्या मात्रेत त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

"पण आमच्या ओळखीतल्या मुलाला फरक पडला ना!"

पडला असेलच. मूल वाढतं हो! डाऊन सिंड्रोमचं मूलही बसतं, चालतं, बोलतं, शाळेत जातं. फक्त त्याच्या वेळापत्रकाने. मृगाच्या तोंडावर नवी छत्री आणली आणि आठ दिवसांत पाऊस आला, म्हणून छत्रीने पाऊस आणला असं आपण म्हणत नाही. औषध सुरू केलं त्याच सहा महिन्यांत फिजिओथेरपी चालू असते, बालवाडी सुरू झालेली असते, आजी रोज गाणी म्हणत असते. यातल्या कशाने काय झालं, हे एका मुलावरून सांगता येत नाही. मला नाही, डॉक्टरलाही नाही. म्हणून तर ते चार गट पाडावे लागतात.

आईवडिलांना मी यासाठी नावं ठेवत नाही. पाच हजारांच्या बाटलीत एक सोय असते. आपण काहीतरी करतोय असं रोज सकाळी चमचाभर वाटतं.

मग या मुलांना काहीच कमी पडत नाही का?

पडतं की! आणि तेच नेमकं निसटतं. ताईच्या त्या लांबलचक यादीत लोह नव्हतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७.१ टक्के मुलांत रक्त कमी आढळलं. डाऊन सिंड्रोमच्या मुलांना तर धोक्याची जास्त कारणं आहेत. तोंडाचे स्नायू ढिले, दात उशिरा येतात, चावणं जमत नाही. मग घरची माणसं, तीही मायेपोटी, दोन-तीन वर्षांपर्यंत दूध-बिस्कीट, पेज आणि मऊ भातावरच ठेवतात. दुधात लोह नगण्य, आणि पोट दुधानेच भरलेलं.

त्यात एक मेख आहे, जी बऱ्याच जणांना ठाऊक नसते. साध्या रक्त तपासणीत लोह कमी असलं की लाल पेशी लहान दिसतात. डाऊन सिंड्रोममध्ये मुळातच लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या असतात. मोठी पेशी लोहाअभावी लहान झाली की रिपोर्टमध्ये 'नॉर्मल' दिसते! म्हणून नुसत्या हिमोग्लोबिनवर न थांबता फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायचा. वर्षातून एकदा, आणि मूल सर्दी-तापाने आजारी असताना नको, कारण तेव्हा तो आकडा फुगतो.

लोहाचं औषध नीट देऊनही साठा वाढत नसेल, तर सीलिअ‍ॅक आजाराचा विचार करावा लागतो. या आजारात गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याचं अस्तर बिघडतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. डाऊन सिंड्रोममध्ये साधारण वीसातल्या एका मुलात तो आढळतो. रक्ताची चाचणी आहे. पण चाचणीआधीच पोळी बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट खोटा बरा येतो.

व्हिटॅमिन डी: मुंबईत ऊन ढीगभर, पण बंद फ्लॅटमधल्या, सतत आजारी पडणाऱ्या मुलाच्या अंगावर ते पडतं किती? बाळाला पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट हा सल्ला सगळ्याच बाळांसाठी आहे. फिटांची काही जुनी औषधं चालू असतील तर डी लवकर खर्च होतं, ते डॉक्टरला आठवणीने विचारा. बी-१२ शाकाहारी घरांत कमी निघतं, आणि अंगावर पाजणाऱ्या आईचंच कमी असेल तर बाळाचंही.

थायरॉईड हे व्हिटॅमिन नव्हे, तरी इथे घ्यायलाच हवं. या मुलांत ते मंदावण्याचं प्रमाण बरंच जास्त. सुस्ती, बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, वाढ खुंटणं, ही सगळी लक्षणं 'डाऊन आहे म्हणून' या खात्यात जमा होतात आणि वर एक टॉनिक सुरू होतं. जन्मानंतर, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी टीएसएच (थायरॉईड मंदावलं की रक्तात वाढणारं हार्मोन) तपासायचं, एवढा साधा नियम आहे.

"व्हिटॅमिनच तर आहे, अपाय काय होणार?"

गच्चीवरच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाईप असतो. सी आणि बी गटाची व्हिटॅमिनं पाण्यात विरघळतात, जास्तीची बरीचशी लघवीतून वाहून जातात. ए, डी, ई आणि के चरबीत विरघळतात. त्यांच्या टाकीला तसा पाईप नाही. जास्तीचं ए साचलं तर यकृताला इजा होते, डोक्यातला दाब वाढतो. सरकारी कार्यक्रमात मुलाला नवव्या महिन्यात ए चा एक लाख युनिटचा डोस आणि पुढे दर सहा महिन्यांनी दोन लाखांचे डोस पाच वर्षांपर्यंत मिळतच असतात. वरून आपली बाटली चालू असेल तर ते डॉक्टरला कळायला नको?

डी चं तर माझ्या काउंटरवर रोज दिसतं. ६०,००० युनिटचं ते छोटं पाकीट मोठ्यांना आठवड्याला एक असं देतात. ४०० युनिट लागणाऱ्या बाळाच्या हिशेबाने एका पाकिटात दीडशे दिवसांचा डोस झाला. घरात आजोबांसाठी आणलेलं पाकीट बाळाला 'हाडांसाठी' रोज देणारं घर मी पाहिलं आहे. रक्तात कॅल्शियम वाढलं, उलट्या, मूल मलूल. वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं.

पाईप असलेली टाकीही बेभरवशाचीच. बी-६ पाण्यात विरघळतं, तरी मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर हातापायांच्या नसा बधिर होतात. झिंक जास्त झालं की तांबं शोषलं जात नाही. सेलेनियम जास्त झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात.

आणि बायोटिन. डाऊन सिंड्रोममध्ये चाई पडणं जास्त दिसतं, म्हणून पालक केसांची गोळी मागतात. दिवसाची गरज काही मायक्रोग्रॅमची, गोळीत असतात दहा मिलिग्रॅम, म्हणजे दहा हजार मायक्रोग्रॅम. एवढं बायोटिन रक्तात असताना थायरॉईडच्या चाचण्यांची काही यंत्रं फसतात. टीएसएच खोटं कमी दाखवतात. थायरॉईड खरोखर मंद असलेल्या मुलाचा रिपोर्ट त्यामुळे चांगला येऊ शकतो! निदान दोन दिवस आधी गोळी थांबवा, आणि लॅबमध्ये सांगाही.

थायरॉईडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लोह किंवा कॅल्शियमच्या औषधात चार तासांचं अंतर हवं. एकत्र दिली की गोळी पोटातच अडकते. 'सकाळी सगळी औषधं एकदम उरकून टाकतो', हे वाक्य ऐकलं की मी बिल करायचं थांबतो.

बाटलीवरची बारीक अक्षरं

एकाच काउंटरवरून मिळत असलं तरी औषध आणि सप्लिमेंट यांचे कायदे वेगळे. सप्लिमेंट हे अन्नात मोडतं. त्यावर एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना नंबर असतो, आणि इंग्रजीत 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं छापलेलं असतं. म्हणजे आजारावर उपचार म्हणून वापरू नये. पुढच्या बाजूला हसरं मूल आणि 'ब्रेन', मागच्या बाजूला हे वाक्य. मागची बाजू आधी वाचा. दोन-तीन बाटल्या चालू असतील तर कागद घेऊन एकेका व्हिटॅमिनची बेरीज करा. तेच झिंक तिन्ही बाटल्यांत निघतं.

"डॉक्टरच मल्टिव्हिटॅमिन लिहून देतात की"

देतात. खाणं अपुरं असेल, मूल आजारातून उठलं असेल, तर रोजच्या गरजेएवढ्या मात्रेचं साधं मल्टिव्हिटॅमिन देण्यात गैर नाही. ते कशासाठी आणि किती दिवस, एवढं विचारून घ्या.

पैसे कुठे घालायचे मग?

माझ्या धंद्याच्या विरुद्ध जाऊन सांगतो. डाऊन सिंड्रोमच्या मुलांपैकी ७५ टक्क्यांपर्यंत मुलांना कधी ना कधी कमी ऐकू येतं, बरेचदा कानात पाणी साचल्याने. ज्याला शब्दच धड ऐकू येत नाही, ते बोलणार कसं? बोलणं उशिरा आलं म्हणून पावडर सुरू करण्याआधी कान तपासा. वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग संस्था आहे, ती ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीच आहे. झोपेत श्वास अडखळण्याचं प्रमाण निम्म्याहून जास्त. रात्रभर मेंदूला नीट विश्रांती नसेल तर दिवसा लक्ष लागत नाही. म्हणून वयाच्या तीन ते चार वर्षांच्या दरम्यान झोपेची तपासणी करायला सांगतात, घोरणं ऐकू येवो न येवो. डोळेही तपासायचे.

आणि ताट. नाचणीचं सत्त्व, अंडं, मऊ शिजवून कुस्करलेली डाळ आणि वर लिंबू पिळलेलं. लिंबाने लोह चांगलं शोषलं जातं, चहाने अडतं, तेव्हा मुलाच्या बिस्किटासोबतचा तो घोटभर चहा बंद. मासे खाणाऱ्यांनी काटे काढलेली मांदेली द्यावी. चावायला शिकवणं हासुद्धा थेरपीचाच भाग आहे, आणि स्पीच थेरपिस्ट ते शिकवतात.

ती ताई दोनेक महिन्यांनी परत आली. या वेळी हातात वाडियाची चिठ्ठी होती: थायरॉईडची गोळी आणि लोहाचं पातळ औषध, दोनच नावं. "यादीतलं बाकीचं?" मी विचारलं. "डॉक्टर म्हणाले, आधी हे." मुलगी काउंटरवरचं पेन ओढत होती. ते तिच्याकडून सोडवून घेतलं आणि एका खोक्यावर लिहिलं, 'सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी'. दुसऱ्यावर, 'दुपारी, जेवणानंतर'.